विलंबाचा दंड कोणाला?

रिक्षाचे योग्यता प्रमाणपत्र मुदतीत नवे करून घेतले नाही, तर मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसामागे ५० रुपये जादा आकार भरावा लागेल, अशी तरतूद केंद्र शासनाने डिसेंबर २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत घातली. काही वर्षे ती न्यायालयीन वादात अडकून पडली होती. उच्च न्यायालयातील आव्हान फेटाळले गेल्यावर, मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने तिच्या वसुलीचे फर्मान काढले. राज्यभरचे रिक्षाचालक खवळून उठले आणि जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाला त्या वसुलीला स्थगिती द्यावी लागली. हा श्रमिकांच्या संघटित आवाजाचा विजय होता, याबद्दल शंका नाही. परंतु स्थगिती म्हणजे निरसन नव्हे. ज्या विचारसरणीतून हा आकार जन्माला आला, ती विचारसरणी आजही शाबूत आहे. आणि तिचा झगडा एकट्या रिक्षाचालकाशी नसून शासनाच्या दारात कागद घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सामान्य माणसाशी आहे.

दिवसाला ५० रुपये म्हणजे शंभर दिवसांचे पाच हजार आणि वर्षाचे १८,२५० रुपये. या आकारणीला वरची मर्यादाच नाही. आता याच महाराष्ट्रातील दुसऱ्या एका कायद्याकडे पाहावे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. तो किती? कमीत कमी पाचशे आणि जास्तीत जास्त पाच हजार रुपये. तोही नागरिकाने अपील करावे, सुनावणीला हजर राहावे आणि पुरेशा कारणाविना विलंब झाल्याचे सिद्ध व्हावे, तेव्हा. म्हणजे पगारदार अधिकाऱ्याच्या दिरंगाईला कायद्याने जी कमाल किंमत ठरवली, ती हातावर पोट असलेल्या रिक्षाचालकाने शंभराव्या दिवशीच मोजायची, आणि एकशे एकाव्या दिवसापासून अधिकाऱ्यापेक्षाही अधिक मोजायची! हा केवळ आकड्यांचा योगायोग नाही. शासनसंस्था कोणाचा वेळ मोलाचा मानते आणि कोणाचा कवडीमोलाचा, याचा तो लेखी पुरावा आहे.

गिरणी गेली, रिक्षा आली

सोलापूरसारख्या शहरात या प्रश्नाला विशेष धार आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढली अनेक दशके हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि झोपले. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागाने काही हातांना काम दिले, विडीने स्त्रियांच्या हातांना दिले. उरलेल्यांपैकी अनेकांनी रिक्षाचे हँडल धरले. आज पूर्व भागातील चादर-टॉवेलच्या कारखान्यांत जाणारा कामगार, कुंभारीजवळच्या विडी घरकुलांतून शहरात येणारी विडी कामगार भगिनी, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर निघालेला तरुण, या सर्वांची भिस्त शेअर रिक्षावर आहे. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाच्या बसगाड्या रोडावत गेल्या आणि त्यांची जागा सार्वजनिक पैशातून नव्हे, तर कर्जाच्या हप्त्यावर घेतलेल्या या तीन चाकांनी भरून काढली.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने रिक्षा परवान्यांच्या संख्येवरची मर्यादा उठवली. मागेल त्याला परवाना, ही घोषणा ऐकायला गोड होती. बेरोजगाराला काम देण्याची जबाबदारी शासनाने अशा रीतीने बेरोजगाराच्याच गळ्यात घातली. रिक्षा वाढल्या, थांब्यावरच्या रांगा लांबल्या आणि एकाच उत्पन्नाचे अनेक वाटेकरी झाले. अशा वेळी पासिंगला जायचे, तर विम्याचा हप्ता आधी भरलेला हवा, धुराचे प्रमाणपत्र हवे, मीटर तपासलेले हवे, रंगकाम झालेले हवे; शिवाय त्या दिवसाची कमाई बुडणार ती वेगळीच. घरात एखादे आजारपण निघाले की पहिल्यांदा लांबते ते पासिंग. रिक्षाचालक उशीर करतो तो मौजेखातर नव्हे. पैसा नसतो म्हणून करतो. आणि ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याला पैशाचा दंड दिवसागणिक वाढवीत नेणे हे सावकाराचे तंत्र झाले. कल्याणकारी राज्याला ते शोभत नाही.

तपासणी हवीच, पण ती होते का?

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. ब्रेक निकामी झालेली वाहने रस्त्यावर धावली तर माणसे मरतील, मग तपासणीत सवलत कशी द्यायची? २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. हे मृत्यू कोणाचे असतात? पायी चालणाऱ्यांचे, सायकलस्वारांचे, दुचाकीवरून कामाला निघालेल्यांचे त्यांत मोठे प्रमाण असते. रस्त्यावरचा मृत्यू हाही अखेर वर्गाचा प्रश्न आहे. तेव्हा वाहनाची आणि चालकाची काटेकोर तपासणी ही श्रमिकांचीच मागणी असली पाहिजे. समाजवादी चळवळीने ढिलाईची बाजू घेण्याचे कारण नाही.

प्रश्न एवढाच आहे की, ज्या तपासणीच्या नावाने दंड आकारायचा, ती तपासणी शासन खरोखर करते काय? पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करून हाच सवाल विचारला होता. वाहनाचा ब्रेक नीट तपासायचा तर ते वेगात चालवून थांबवावे लागते आणि त्यासाठी सुमारे २५० मीटर लांबीचा चाचणीमार्ग लागतो. राज्यातील अनेक परिवहन कार्यालयांपाशी असा मार्गच नव्हता. तरीही वर्षानुवर्षे प्रमाणपत्रे दिली जात होती. न्यायालयाने चाचणीमार्गाचा आग्रह धरला, तेव्हा जागा नाही, निधी नाही, काम चालू आहे, अशी उत्तरे देत शासनाला मुदत वाढवून मागावी लागली. त्या विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये कोणाच्या पगारातून कापले गेले? रिक्षाचालकाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीची कथा याहून निराळी नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना नवी पट्टी बसविण्यासाठी महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ही देण्यात आली. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० रुपये, मोटारीला ७४५ रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर असे दर ठरले; काम खाजगी कंपन्यांच्या हाती सोपवले गेले. मुदत टळून गेली, पट्ट्या बसल्या नाहीत आणि मग तारखा एकामागून एक पुढे ढकलण्यात आल्या. मुदतवाढ योग्यच होती. परंतु शासनाची आणि ठेकेदाराची यंत्रणा अपुरी पडते, तेव्हा तारीख लवचिक होते आणि कष्टकऱ्याचा खिसा अपुरा पडतो, तेव्हा तीच तारीख पोलादी होते, ही विसंगती कोणाच्याही नजरेस यावी.

परवाना: कागद की कसोटी?

वाहनाचे जे, तेच चालकाचे. परवाना या वस्तूचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने मोटार चालविण्यास परवाना सक्तीचा झाला. पण त्यासाठी कोणतीही परीक्षा नव्हती. पैसे भरावे आणि कागद घ्यावा. १९३४ साली तेथील रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मेली आणि १९३५ पासून चालकाची परीक्षा सक्तीची करण्यात आली. परवाना म्हणजे महसुलाची पावती नव्हे, रस्त्यावरच्या इतर माणसांच्या जिवाची हमी होय, हे तत्त्व तेथे असे प्रेते मोजून प्रस्थापित झाले. भारतात १९१४ चा कायदा आला, त्यानंतर १९३९ चा आणि १ जुलै १९८९ पासून १९८८ चा अधिनियम अमलात आला. कायद्याच्या पुस्तकात परीक्षा आहे, शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवस थांबण्याची अट आहे, निरीक्षकाने शेजारी बसून पाहावयाच्या गोष्टींची सविस्तर यादी आहे. पुस्तकात काहीच उणे नाही.

व्यवहारात काय घडते, याचा एक शास्त्रीय पडताळा दिल्लीत घेतला गेला होता. २००४-०५ मध्ये मारिआन बर्ट्रांड, सिमिऑन ज्यांकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुलाईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचा मागोवा घेतला. सरकारी शुल्क सुमारे ४५० रुपये असता लोकांनी सरासरी १,१२० रुपये मोजले. परवाना हाती पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना संशोधकांनी घेतलेल्या स्वतंत्र चाचणीत वाहन नीट चालवता आले नाही. त्याहून बोधप्रद निष्कर्ष पुढचा आहे. राहण्याच्या पत्त्याचा पुरावा नसेल, तर दलालही काही वेळा हात टेकत असे. मात्र वाहन चालवता येत नाही, ही उणीव त्याच्या मार्गात कधी अडसर ठरली नाही. कागद नसेल तर अडेल, कौशल्य नसेल तर चालेल, असाच या व्यवस्थेचा अर्थ झाला. ते चित्र दिल्लीचे होते आणि वीस वर्षांपूर्वीचे होते. पण ज्याने महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या गावी परवाना काढला आहे, त्याला ते अनोळखी वाटणार नाही.

केवळ कागदावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने श्रमिकाला आणखी एका मार्गाने छळले. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्रीय नियमांत होती. चौथीत शाळा सोडून मागावर बसलेला आणि माग बंद पडल्यावर रिक्षा चालवू पाहणारा पोरगा कितीही निष्णात चालक असला, तरी कायद्याच्या दृष्टीने अपात्र ठरत होता. मग शाळा सोडल्याचा दाखला जमवणे, नाही तर परवान्याविना चालवणे, एवढेच दोन रस्ते त्याच्यापुढे उरत. २०१९ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली, हे चांगले झाले. पण त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजार रुपये केला. दार उघडले खरे, पण उंबरठाही वाढवून ठेवला.

दलाल कोठे गेला?

जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी परिवहन कार्यालयांच्या आवारात दलालांना मज्जाव करणारा आदेश काढला होता. खळबळ मोठी उडाली. त्याच वर्षी झगडे दुसऱ्या पदावर गेले. एका निश्चयी अधिकाऱ्याने दलालाला फाटकाबाहेर काढता येते, पण दलालाची गरज संपवता येत नाही, हा त्यातून घ्यावयाचा धडा होय. दलाल ही काही एखाद्या दुष्ट माणसाची निर्मिती नाही. अपुरे निरीक्षक, दुर्बोध अर्ज, जिल्ह्याच्या गावापर्यंतची खेप आणि बुडालेला रोज यांच्या बेरजेतून तो निर्माण होतो. अक्कलकोट तालुक्यातील सीमेवरच्या खेड्यातून शेतमजूर सोलापूरला दोनदा येण्याऐवजी एकदाच येऊन दलालाला पैसे देतो, तेव्हा तो हिशेबात चुकत नसतो. त्याच्यावर ही पाळी आणणारी व्यवस्था चुकत असते.

पुढे संगणक आला. वाहन आणि सारथी या केंद्रीय प्रणालींवर नोंदणी आणि परवान्याचे काम गेले. जून २०२१ पासून महाराष्ट्रात आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या शिकाऊ परवान्याची परीक्षा देण्याची सोय झाली. सुशिक्षित मध्यमवर्गीयांची खेप वाचली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्या घरी संगणक नाही, ज्याचा भ्रमणध्वनी आधारशी जोडलेला नाही, ज्याची मातृभाषा तेलुगू, कन्नड वा उर्दू आहे आणि ज्याला कार्यालयीन मराठी उमगत नाही, त्याने काय करावे? तो कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात जातो, तेथील मुलगा त्याच्या वतीने अर्ज भरतो आणि वेळप्रसंगी परीक्षेची उत्तरेही देतो. पूर्वी फाटकापाशी उभा असलेला दलाल आता पडद्यामागे बसला आहे. यंत्र बदलले, नाते बदलले नाही. रस्त्यावरची चिन्हे ज्याने कधी वाचलीच नाहीत, त्याच्याही हाती शिकाऊ परवाना पडू शकतो आणि त्याच रस्त्यावरून शाळेची मुले चालत असतात.

जबाबदारीची विक्री

या रोगावर केंद्र शासनाने जो उतारा शोधला, तो रोगाहून निराळा नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना अमलात आली. अशा केंद्रातून हलक्या वाहनाचे २९ तासांचे किंवा जड वाहनाचे ३८ तासांचे प्रशिक्षण उत्तीर्ण होणाऱ्याला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणी द्यावी लागत नाही. प्रशिक्षणाचा आग्रह स्तुत्य आहे. पण हलक्या वाहनांसाठी एक एकर आणि जड वाहनांसाठी दोन एकर जमीन ज्याच्यापाशी आहे, तोच असे केंद्र काढू शकतो. मुख्यतः भांडवलवाल्यालाच जमणारे हे काम. शिकवणारा तोच, पैसे घेणारा तोच आणि उत्तीर्ण करणाराही तोच! ज्या शासनाला स्वतःच्या निरीक्षकावर लक्ष ठेवता आले नाही, ते नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रावर लक्ष ठेवील, असे मानण्यास आधार कोणता? आणि ज्याला त्या केंद्राचे शुल्क परवडत नाही, त्याच्यासाठी जुनीच रांग शिल्लक राहते.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. चालक प्रशिक्षण शासनाने द्यावे. तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तेथे असे वर्ग काढता येतील आणि गरिबांना ते विनामूल्य असावेत. प्रत्येक कार्यालयाला पुरेसे निरीक्षक आणि चाचणीमार्ग मिळावा आणि तो मिळेपर्यंत नागरिकाच्या विलंबावर दंड आकारू नये. रोजचा आकार कायमचा रद्द करावा. त्याऐवजी मुदत संपण्याआधी लेखी सूचना, ठराविक माफक विलंबशुल्क आणि आजारपणात सूट अशी माणुसकीची पद्धत आणावी. शिकाऊ परवान्याची परीक्षा निरीक्षकाच्या देखरेखीखाली तालुक्याच्या शिबिरांत, उमेदवाराला समजेल त्या भाषेत, गरज पडल्यास तोंडी व्हावी. वाहन चालवण्याच्या परीक्षेत मात्र तसूभरही सवलत नसावी. कागदात उदारता आणि कसोटीत कठोरता, असे धोरण हवे. आजचे धोरण याच्या नेमके उलट आहे.

कार्यकर्त्यांनी या मागण्या निवेदनापुरत्या ठेवू नयेत. लोकसेवा हक्क कायदा कितीही दुबळा असला, तरी तो हत्यार म्हणून वापरता येतो. अर्जाची दिनांकित पोच मागणे, मुदत टळताच पहिले अपील करणे, त्यानंतर दुसरे आणि अखेर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे, हा मार्ग रिक्षाथांब्यावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक झाला पाहिजे. विडी घरकुलांत, पूर्व भागात, अक्कलकोट-बार्शीच्या बाजारांत आठवड्यातून एक दिवस मदत केंद्र चालवून अर्ज फुकट भरून दिले, तर दलालाच्या उत्पन्नावर आयुक्ताच्या आदेशाहून मोठा घाव बसेल. त्याच जागी वाहतुकीचे नियमही शिकवावेत. कारण रिक्षात बसलेली विडी कामगार आणि रिक्षा चालवणारा तिचा शेजारी यांचे हित एकच आहे. दोघांनाही संध्याकाळी धडधाकट घरी पोचायचे आहे.

२०२४ च्या जुलैत स्थगिती मिळाली, ती रिक्षाचालकांनी उठवलेल्या आवाजामुळे. तो आवाज शांत झाला, तर रोजची आकारणी आज ना उद्या नव्या नावाने परत येईल. तेव्हा लढ्याची पुढची मागणी स्पष्ट असली पाहिजे. शासनाला नागरिकाच्या उशिराचे दिवस मोजायचे असतील, तर त्याने आधी स्वतःच्या उशिराचे दिवस मोजावेत आणि ते प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर रोजच्या रोज लिहून लावावेत.